आईचे नाव लावणारा सेनापती

‘थ्री मस्केटिअर्स’ आणि ‘काउंट ऑफ मॉन्टे ख्रिस्तो’ ही नावे आपल्या घरातल्या शाळकरी मुलांच्या कानावरून गेलेली असतात. कुणी त्यांचे संक्षिप्त भाषांतर वाचनालयातून आणलेले असते, कुणी टीव्हीवर सिनेमा पाहिलेला असतो. ही पुस्तके लिहिणारा फ्रेंच लेखक अलेक्झांडर ड्यूमा जगभर गाजला. परंतु ‘ड्यूमा’ हे आडनाव आले कुठून, असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. वाचकहो, ते फ्रान्समधल्या कोणत्याही सरदार-उमरावाच्या घराण्याचे नाव नाही. ते एका काळ्या गुलाम बाईचे नाव आहे. ते नाव पहिल्यांदा आपल्या मुलाने लावले, आणि तो मुलगा पुढे फ्रान्सच्या सैन्यात सेनापती झाला. लेखक ड्यूमा हा त्या सेनापतीचा मुलगा. लेखकाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही आज त्याच्या बापाविषयी, जनरल अलेक्झांडर ड्यूमाविषयी सांगणार आहोत.

कॅरिबियन समुद्रात सां-दोमिंग नावाची फ्रान्सची वसाहत होती. आज तिथे हैती हा स्वतंत्र देश आहे. अठराव्या शतकात ऊस, साखर आणि कॉफी यांच्या जोरावर ही वसाहत फ्रान्सची सोन्याची खाण झाली होती. शतक संपता संपता तिथे सुमारे पाच लाख गुलाम राबत होते आणि त्यांच्यावर हुकमत गाजवणारे गोरे होते जेमतेम तीस-चाळीस हजार. आफ्रिकेतून जहाजे भरून माणसे आणली जात, कारण आणलेली माणसे काही वर्षांतच मरून जात. त्यांना नवी माणसे आणणे हे जगवण्यापेक्षा स्वस्त पडत असे! गुलामांसाठी राजाने १६८५ साली एक कायदा केला होता, त्याचे नावच मुळी ‘काळा कायदा’. त्यातले एक कलम आमच्या वाचकांनी नीट लक्षात ठेवावे. मूल आईच्या दर्जाचे धरले जाई. आई गुलाम, तर मूल गुलाम. मग बाप कितीही मोठा उमराव असो.

या वसाहतीत १७३८ साली नॉर्मंडीतल्या एका मार्क्विसचा थोरला मुलगा, आंत्वान दाव्ही द ला पायेत्री, नशीब काढायला आला. धाकटा भाऊ तिथे आधीच मळेवाला होऊन बसला होता. दहा वर्षे भावाच्या जिवावर काढली, मग भांडण झाले आणि आंत्वान डोंगराआड जेरेमी नावाच्या गावाकडे पळून गेला. तिथे खोटे नाव घेऊन तो पाव शतकाहून अधिक काळ राहिला. घरच्यांना तो मेला असेच वाटत होते. तिथेच त्याने मारी-सेसेत ड्यूमा नावाची आफ्रिकन वंशाची बाई विकत घेतली. तिला त्याच्यापासून मुले झाली. त्यांतला तोमा-अलेक्झांडर २५ मार्च १७६२ रोजी जन्मला. कायद्याप्रमाणे तो गुलाम होता, आपल्याच बापाचा गुलाम.

पुढे १७७५ साली बापाला घरची इस्टेट आणि पदवी घेण्यासाठी फ्रान्सला परत जायचे होते. जहाजाच्या भाड्याला पैसे नव्हते. तेव्हा या गृहस्थाने काय करावे? त्याने इतर मुले विकून टाकली, आणि तोमा-अलेक्झांडरला आठशे लिव्रला एका जहाजाच्या कप्तानाकडे गहाण टाकला! पुढे पैसे आले की सोडवून घेण्याची अट ठेवली. भांडे गहाण टाकावे, दागिना गहाण टाकावा, तसा पोटचा पोर. पैसे आल्यावर बापाने तो सोडवून घेतला हे खरे. ऑगस्ट १७७६ मध्ये हा मुलगा फ्रान्सच्या ल आव्र बंदरात उतरला तेव्हा जहाजाच्या यादीत त्याची नोंद ‘गुलाम अलेक्झांडर’ अशीच होती. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवून बापाने त्याला मोकळा केला. त्याची भावंडे मात्र सुटली नाहीत.

आता मुलाचे दिवस पालटले. बाप मार्क्विस झाला होता आणि हाताशी पैसा होता. पॅरिसमध्ये मुलाला उत्तम शिक्षण मिळाले. वाचन, घोडेस्वारी, तलवारबाजी. तलवार शिकायला तो ज्या आखाड्यात जाई, तिथे शव्हालिए द सां-जॉर्ज हा वस्ताद होता. हाही ग्वाडलूप बेटावरच्या गुलाम आईचा मुलगा. तलवारीत त्याचा हात धरणारा युरोपात विरळा, आणि व्हायोलिन वाजवण्यात व संगीतरचनेत तर त्याची कीर्ती राजवाड्यापर्यंत पोहोचलेली. अशा गुरूच्या हाताखाली तोमा-अलेक्झांडर सहा फुटांच्या आसपास उंचीचा देखणा जवान झाला.

पण अंगावर रेशमी कोट आला म्हणून कातडीचा रंग लपत नाही. काळ्या आणि मिश्र रक्ताच्या माणसांना फ्रान्समध्ये येण्यास बंदी करणारा कायदा राजाने १७७७ साली केला होता, आणि जे आधीच आलेले होते त्यांना सरकारदरबारी नावनिशी नोंदवावी लागत असे. सप्टेंबर १७८४ मध्ये पॅरिसच्या एका नाटकगृहात तो एका स्त्रीसोबत बसला होता. वसाहतीतून आलेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याने तिच्यादेखत त्याला नोकर समजून हिणवले, आणि त्याने उलट उत्तर देताच माणसांकरवी धरून भर नाटकगृहात त्याला गुडघे टेकायला लावण्याचा प्रयत्न केला. पोलिसांत जबान्या झाल्या. त्या जबान्यांचे कागद आजही आहेत. शिक्षा कुणाला झाली नाही.

दोन वर्षांनी बापाने, सत्तरी ओलांडल्यावर, घरकाम पाहणाऱ्या बाईशी लग्न लावले आणि मुलाचा खर्च आखडता घेतला. मुलाने ठरवले, सैन्यात जायचे. उमरावाचा मुलगा म्हणून अधिकारी होता आले असते का? नाही. चार पिढ्यांचे खानदान कागदोपत्री सिद्ध केल्याशिवाय अधिकाऱ्याची जागा मिळत नसे, असा १७८१ चा नियम होता. गुलाम आईच्या मुलाने हा दाखला आणायचा कुठून? तेव्हा त्याने साधा शिपाई म्हणून भरती व्हायचे ठरवले. बाप म्हणाला, आमच्या घराण्याचे नाव शिपायांच्या बराकीत लोळवायचे नाही. मुलगा म्हणाला, ठीक आहे. आणि २ जून १७८६ रोजी, राणीच्या ड्रॅगून रेजिमेंटच्या भरतीच्या वहीत त्याने नाव लिहिले: अलेक्झांडर ड्यूमा.

ज्या आईमुळे कायद्याने त्याला गुलाम ठरवले होते, तिचे नाव त्याने स्वतःच्या हाताने घेतले. या कृतीवर आम्ही जास्त काही बोलत नाही. पंधरवड्याच्या आत बाप मरण पावला.

तीन वर्षे बराकीत गेली. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा भडका उडाला. गावोगावी लुटालुटीच्या अफवा पसरल्या, तेव्हा विये-कोत्रे नावाच्या लहान गावाने संरक्षणासाठी सैनिक मागवले. त्या तुकडीत शिपाई ड्यूमा होता. क्लोद लाबुरे नावाच्या खाणावळवाल्याकडे त्याची राहण्याची सोय झाली. त्याची मुलगी मारी-लुईज आणि हा काळा ड्रॅगून यांचे मन जुळले. क्लोद लाबुरे व्यवहारी माणूस. जावयाचा रंग त्याला खटकला नाही, पगार खटकला! त्याची अट एवढीच, की जवानाने आधी बढती मिळवावी, मग लग्न. पुढच्या तीन वर्षांत जावयाने सासऱ्याची अट इतकी उदारपणे पुरी केली की २८ नोव्हेंबर १७९२ रोजी लग्न लागले तेव्हा तो लेफ्टनंट कर्नल झाला होता.

हे घडले कसे? पराक्रम होताच. ऑगस्ट १७९२ मध्ये बेल्जियमच्या सरहद्दीवर गस्तीवर असताना त्याने मूठभर घोडेस्वारांनिशी डझनभर शत्रुसैनिक जिवंत पकडून आणले होते. परंतु पराक्रम तर १७८६ सालीही त्याच्या अंगात होता. बदलला होता तो कायदा! चार पिढ्यांच्या खानदानाचा नियम क्रांतीने मोडून काढला होता. एप्रिल १७९२ मध्ये काळ्या आणि मिश्र रक्ताच्या स्वतंत्र माणसांना नागरिकत्वाचे समान हक्क मिळाले. त्याच वर्षी अशा माणसांची एक स्वतंत्र पलटण उभी राहिली. तिचा प्रमुख झाला तोच वस्ताद सां-जॉर्ज, आणि त्याचा उजवा हात ड्यूमा. मग शिडी भराभर चढली गेली. फेब्रुवारी १७९२ मध्ये जो नाईकाच्या हुद्द्यावर होता, तो जुलै १७९३ मध्ये ब्रिगेडियर जनरल आणि सप्टेंबरमध्ये डिव्हिजन जनरल झाला. दीड-पावणेदोन वर्षांचा हिशेब. वर्ष संपायच्या आत आल्प्स पर्वतातल्या पन्नास हजारांच्या आसपास फौजेचे सरसेनापतिपद एकतीस वर्षांच्या ड्यूमाकडे आले. गोऱ्यांच्या सैन्यात आफ्रिकन वंशाचा माणूस इतक्या वर चढल्याचे उदाहरण त्या काळात शोधून सापडत नाही.

तो काळ भीतीचाही होता हे विसरू नये. पॅरिसमध्ये लोकसुरक्षा समितीचे राज्य होते आणि चौकाचौकांत गिलोटिन उभे होते. त्याच्या मुलाने पुढे आठवणींत लिहिले आहे की बायोन गावी जनरल राहत होता त्या घरासमोरच गिलोटिन होते, आणि शिरच्छेदाच्या वेळी गावचे लोक खिडक्यांत गर्दी करत तेव्हा हा आपल्या खिडक्या बंद करून घेई. त्यावरून तिथल्या टवाळांनी त्याला ‘माणुसकीवाले महाशय’ असे नाव ठेवले. आल्प्समध्ये तर एका डोंगरी खेड्यात, चर्चची घंटा वितळवू नये म्हणून विरोध करणाऱ्या चार गरिबांसाठी गिलोटिन उभारलेले पाहून, त्याने ते मोडून सरपणाला लावले, असे सांगतात. थंडीचे दिवस होते, शिपायांना जळण हवे होते! या प्रकरणाची तक्रार पॅरिसला गेली.

आमचे एक सांगणे आहे. मुलाच्या आठवणी मोठ्या रसाळ आहेत. पण बाप गेला तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. जनरल घोड्यावर बसून तबेल्याच्या तुळईला लोंबकळे आणि मांड्यांत धरून घोडाच वर उचले, असेही त्याने लिहिले आहे. हे आम्ही तरी मानत नाही. पण सरकारी कागद जे सांगतात तेही कमी नाही. १७९४ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत, दोन हजार मीटरहून उंच अशा बर्फातल्या लहान सेंट बर्नार्ड आणि माँ-सेनी या खिंडी त्याच्या फौजेने जिंकल्या. बर्फावरून चढण्यासाठी बुटांना लोखंडी काटे, रसद, वाटाड्ये, सगळी तयारी त्याने आधी करून घेतली आणि पॅरिसहून घाईचे हुकूम येत असताना बर्फ जरा उतरेपर्यंत थांबण्याचा हट्ट धरला. शिपाई वाया घालवायचे नव्हते. एकेकाळी जो स्वतः शिपाई होता, त्यालाच हे सुचायचे.

याच सुमारास, ४ फेब्रुवारी १७९४ रोजी, पॅरिसच्या सभेने फ्रान्सच्या सर्व वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. जिथे त्याला गहाण टाकले होते त्या सां-दोमिंगमध्ये गुलामांनी १७९१ पासून बंड पुकारून ती आपल्या हातांनी मोडायला घेतली होतीच. सभेने त्यावर शिक्का मारला.

समितीपुढे जाब द्यायला जनरल पॅरिसला निघाला, तेवढ्यात जुलै १७९४ मध्ये रोबेस्पिएर पडला आणि प्रकरण मागे पडले. मग त्याला व्हांदे प्रांतात पाठवले. तिथे क्रांतीच्या सैन्याने बंडखोर शेतकऱ्यांची गावेच्या गावे जाळली होती. महिना-दीड महिना पाहणी करून त्याने जो अहवाल पाठवला, तो कुठल्याही सेनापतीने आपल्याच सैन्याविरुद्ध क्वचितच लिहिला असेल. सैनिक लुटारू झाले आहेत, अधिकारी त्यांना सामील आहेत, आधी सैन्यात शिस्त आणा, मग शत्रूचे बघू, असा त्याचा रोख होता. त्याला लवकरच तिथून हलवण्यात आले.

१७९६ च्या अखेरीस तो इटलीत पोहोचला. तिथला सेनापती होता नेपोलियन बोनापार्ट, ड्यूमापेक्षा सात वर्षांनी लहान. मांतुआच्या किल्ल्यात ऑस्ट्रियन सैन्य कोंडलेले होते. पहारेकऱ्यांनी एके रात्री एक संशयित माणूस धरून आणला. झडतीत काहीच सापडेना. ड्यूमाला शंका आली, याने चिठ्ठी गिळली तर नाही? त्याने त्या माणसाला पोट चिरण्याची धमकी दिली, तेव्हा तो कबूल झाला. मग जुलाबाचे औषध देऊन रात्रभर वाट पाहणे आले. निघाली एक मेणाची गोळी, आणि तिच्यात ऑस्ट्रियन सेनापतीच्या हालचालींची माहिती देणारे पत्र. घरातल्या मुलांना हा प्रसंग जरूर वाचून दाखवावा, ती विसरणार नाहीत.

पुढच्याच महिन्यात, १६ जानेवारी १७९७ रोजी, किल्ल्यातून बाहेर पडलेल्या शत्रूला रोखताना त्याचे दोन घोडे त्याच्याखाली ठार झाले. आणि अहवालात काय आले? बेर्तिए या अधिकाऱ्याने लिहिले, की जनरल ड्यूमा ‘निरीक्षणासाठी’ उभा होता. ड्यूमा भडकला. त्याने सरळ नेपोलियनला पत्र लिहून कळवले, की तो माझ्या जागी असता तर त्याची पाटलोण खराब झाली असती. हे आम्ही सौम्य शब्दांत सांगत आहोत. त्याचा परिणाम व्हायचा तो झाला; त्याला हुद्द्याने खालची कामगिरी देऊन उत्तरेला धाडण्यात आले.

तिथेच, तिरोलच्या डोंगरात, मार्च १७९७ मध्ये क्लाउझेनच्या पुलावर त्याच्या आयुष्यातला गाजलेला प्रसंग घडला. अरुंद पूल. समोरून ऑस्ट्रियन घोडदळ आले. ड्यूमाची माणसे मागे पडली होती. आपली माणसे येईपर्यंत तो एकटा पुलाच्या तोंडाशी उभा राहून तलवारीने लढला. अंगावर जखमा झाल्या. अंगरख्याला गोळ्यांची सात भोके पडली होती, असे मुलगा सांगतो. ऑस्ट्रियन सैनिक त्याला ‘काळा सैतान’ म्हणू लागले. नेपोलियनलाही आता गप्प बसता येईना. पूर्वी एका रोमन वीराने एकट्याने पूल अडवून रोम वाचवले अशी कथा आहे, त्या होरेशियसची उपमा त्याने ड्यूमाला दिली.

दुसऱ्या वर्षी इजिप्तची मोहीम निघाली. ड्यूमा साऱ्या घोडदळाचा प्रमुख होता. सोबतच्या मुख्य डॉक्टरने लिहून ठेवले आहे, की स्थानिक लोक या उंच, सावळ्या, भव्य माणसालाच मोहिमेचा नायक समजत आणि शेजारच्या ठेंगण्या नेपोलियनकडे त्यांचे लक्ष जात नसे. हे नेपोलियनला रुचले असेल काय? वाळवंटात पाण्यावाचून शिपाई कोसळू लागले, तेव्हा दमनहूर इथे ड्यूमाच्या तंबूत काही सेनापती कलिंगडे खात बसले आणि ही मोहीम नेमकी कशासाठी, असे मोकळेपणी बोलले. बातमी वर गेली. नेपोलियनने त्याला बोलावून गोळी घालण्याची भाषा केली. ड्यूमाने आपले म्हणणे नाकारले नाही, आणि परत जाण्याची परवानगी मागितली.

इथे एक गोष्ट लपवणे आम्हाला बरे वाटत नाही. ऑक्टोबर १७९८ मध्ये कैरोच्या लोकांनी फ्रेंचांविरुद्ध उठाव केला. तो उठाव चिरडणाऱ्यांत ड्यूमा होता. अल-अझहर मशिदीत घोड्यावरून शिरणाऱ्यांचा पुढारी तोच होता, असे त्याच्या मुलाने अभिमानाने लिहिले आहे. आम्हाला त्यात अभिमान वाटावा असे काही दिसत नाही. गुलामगिरीतून वर आलेला माणूस दुसऱ्याच्या देशात परकी सत्तेची तलवार होऊन गेला, तर त्या देशाच्या लोकांना तो परकी सैनिकच दिसणार.

मार्च १७९९ मध्ये तो एका जुनाट जहाजातून फ्रान्सला निघाला. बरोबर भूशास्त्रज्ञ दोलोमिए होता. इटलीतल्या दोलोमिती पर्वताला ज्याचे नाव आहे तो. वादळात जहाजाला पाणी लागले. हलके करण्यासाठी कॉफीची पोती आणि अरबी घोडे समुद्रात टाकावे लागले. शेवटी इटलीच्या दक्षिण टोकाला तारांतो बंदरात आसरा घेतला. तिथे फ्रेंचांची बाजू घेणाऱ्यांचे राज्य आहे अशी त्यांची समजूत. प्रत्यक्षात राजाच्या आणि कार्डिनल रुफोच्या सैन्याने ते उलथवून टाकले होते. सगळे कैद झाले.

जनरल ड्यूमा दोन वर्षे कोठडीत होता. खटला नाही, शिक्षा नाही, सुटकेची तारीख नाही. कैदेत त्याचे पोट बिघडले, शरीराचा काही भाग लुळा पडला, एक डोळा जवळजवळ गेला, एक कान बहिरा झाला. आपल्यावर विषप्रयोग होत आहे अशी त्याची खात्री होती. १८०१ च्या वसंतात तो सुटला, तेव्हा पूल अडवणारा तो जवान राहिला नव्हता. मॉन्टे ख्रिस्तोमध्ये निरपराध एदमों दान्तेस अंधारकोठडीत वर्षानुवर्षे कुजतो. ते प्रकरण लेखकाने लिहिले तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे कोण असेल, हे आता वाचकांना सांगायला नको.

आणि तो ज्या फ्रान्समध्ये परत आला, ते फ्रान्सही आधीचे राहिले नव्हते. नेपोलियन सत्ताधीश झाला होता. २० मे १८०२ च्या कायद्याने वसाहतींतल्या गुलामगिरीला पुन्हा मान्यता मिळाली. जुलैमध्ये काळ्या आणि मिश्र रक्ताच्या लोकांना परवानगीशिवाय फ्रान्सच्या भूमीवर येण्यास बंदी झाली. म्हणजे १७७७ चाच कायदा नव्या कागदावर! पुढच्या वर्षी गोऱ्या-काळ्यांच्या लग्नांवर बंदी घालणारे फर्मान निघाले. खाणावळवाल्या लाबुरेच्या मुलीचे लग्न १७९२ ऐवजी त्या वर्षी निघाले असते तर लागलेच नसते. सां-दोमिंगवर प्रचंड फौज पाठवून तिथला काळा पुढारी तूसाँ लूव्हेर्त्यूर याला दग्याने पकडले. एप्रिल १८०३ मध्ये फ्रान्सच्या एका थंड किल्ल्यात तो मेला. तिथल्या माणसांनी मात्र ती फौज हरवली आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला.

तीच तलवार, तोच माणूस. एका कायद्याने दहा वर्षांपूर्वी त्याला वर जाऊ दिले होते, दुसऱ्याने त्याला घरी बसवले. सप्टेंबर १८०२ मध्ये त्याला निवृत्त करण्यात आले. कैदेच्या काळातला थकलेला पगार मिळावा म्हणून तो अर्जावर अर्ज करत राहिला. जुन्या लढायांचे दाखले देई, नेपोलियनला स्वतः पत्रे लिही. पैसे आले नाहीत. त्याच्या बरोबरीचे आणि त्याच्या हाताखालचे लोक मार्शल झाले, त्यांच्या छातीवर पदके लागली. ड्यूमाला ‘लिजन ऑफ ऑनर’ सुद्धा दिले गेले नाही.

२४ जुलै १८०२ रोजी त्याला मुलगा झाला होता. १८०५ साली, दुखणे विकोपाला गेल्यावर, त्याने बायकोला आणि पोराला पॅरिसला नेले आणि जुने सोबती मार्शल ब्रून व म्युरा यांना जेवायला बोलावले. आपल्यामागे या दोघांवर कुणीतरी लक्ष ठेवावे, एवढीच त्याची इच्छा. मुलाला त्या दिवसाची एकच आठवण राहिली. म्युराची टोपी डोक्यावर घालून आणि ब्रूनच्या तलवारीचा घोडा करून तो टेबलाभोवती पळत होता. जनरल २६ फेब्रुवारी १८०६ रोजी विये-कोत्रे इथे पोटाच्या कर्करोगाने गेला. वय होते ४३.

विधवेला पेन्शन नाकारले गेले. कारण? नवरा रणांगणावर मेला नव्हता, अंथरुणात मेला होता. कार्यालयाच्या खेटा घालणे काय असते हे आमच्या भगिनींना ठाऊक आहे. मारी-लुईजने वर्षानुवर्षे ते केले. मुलाला चांगल्या शाळेत शिकवायला पैसे नव्हते. गावच्या पाद्र्याकडे जेवढे शिकता आले तेवढे तो शिकला, आणि पुढे सुंदर हस्ताक्षराच्या जोरावर पॅरिसमध्ये कारकुनीला लागला. १८४४ नंतरची कथा सगळ्यांना माहीत आहे.

जनरलची मात्र आठवण पुसट होत गेली. १९१३ साली पॅरिसच्या एका चौकात त्याचा पुतळा बसला, जवळच त्याच्या लेखक मुलाचा आणि नाटककार नातवाचा पुतळा होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पॅरिसमध्ये असताना, १९४१-४२ च्या हिवाळ्यात, जनरलचा पुतळा उतरवून नष्ट करण्यात आला. मुलाचा आणि नातवाचा राहिला. रिकाम्या जागी २००९ साली तुटलेल्या बेड्यांचे एक प्रचंड शिल्प उभे केले आहे. त्याच्या चरित्राकडे जगाचे लक्ष गेले ते २०१२ साली टॉम रीस या अमेरिकन लेखकाने ‘द ब्लॅक काउंट’ हे पुस्तक लिहिले तेव्हा. त्यासाठी विये-कोत्रेच्या संग्रहालयातली कुलूपबंद तिजोरी फोडून घ्यावी लागली, कारण ती उघडण्याची खूण जिला ठाऊक होती ती बाई वारली होती. त्या तिजोरीत जनरलचे कागद होते.

एक गोष्ट सांगायची राहिली. १८१४ साली नेपोलियन पडला आणि फ्रान्सच्या गादीवर पुन्हा जुने राजघराणे बसले. उमरावांचे दिवस परत आले. मारी-लुईजने बारा वर्षांच्या मुलाला जवळ बसवून विचारले. आजोबांचे नाव लावलेस, दाव्ही द ला पायेत्री म्हणवून घेतलेस, तर तू मार्क्विसचा नातू होशील, दरबारात ओळख निघेल, दारे उघडतील. बापाचे नाव ठेवलेस तर तू क्रांतीच्या एका काळ्या सेनापतीचा मुलगा राहशील, आणि त्याचा आज कुणाला उपयोग नाही. काय करायचे ते तू ठरव.

हा प्रसंग त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. पोराने विचार करायला वेळ घेतला नाही. आपले नाव अलेक्झांडर ड्यूमा आहे, असे त्याने आईला सांगितले. दरबाराची दारे काही उघडली नाहीत. एका स्नेह्याच्या खटपटीने मारी-लुईजला गावात सरकारी तंबाखू विकण्याचा परवाना मिळाला, आणि मायलेकांचे घर त्या दुकानावर चालू लागले.